शिवणीचं झाकण

गार्डसाहेबाची गिटार बोलती झाली तर तेजरामला तीन गोष्टी मिळणार होत्या. पहिली, स्टेशनामागच्या रेल्वे क्लबाची रिकामी खोली. एक दार, एक खिडकी आणि सुताराचं बाकडं मांडूनही भोवती माणूस फिरू शकेल एवढी जमीन. दुसरी, त्या दारावर पाटी आणि पाटीवर स्वतःचं नाव. तिसरी त्यानं कोणाला बोलून दाखवली नव्हती, पण बालाघाटच्या सुतारगल्लीत ती पोरासोरांनाही ठाऊक होती. त्याला 'महागू मिस्त्रीचा घरजवाई' हे बिरुद एकदाचं खुंटीला टांगायचं होतं. मजुरीचा नंबर चौथा, आणि तीही गार्डसाहेबानं अजून ठरवली नव्हती.

सात वर्षांमागं तेजराम राजेगावहून एक रंधा, दोन पटाश्या आणि नवरदेवाचा फेटा घेऊन या घरात आला. फेटा कधीच विरला. रंधा आणि पटाश्या सासऱ्याच्या पेटीत मिसळून गेल्या आणि त्यांच्यामागोमाग तेजरामही मिसळला. दार नीट बसलं तर लोक म्हणत, "महागूचा हात!" दार अडकलं तर म्हणत, "जवायानं केलं असंन." महागू मिस्त्री, म्हणजे तेजरामचा 'मामाजी', ही दोन्ही वाक्यं सारख्याच समाधानानं ऐकत असे. एकुलती एक शीला त्यानं जवळ ठेवून घेतली होती, आणि तिच्याबरोबर एक कारागीर फुकटात आला होता.

गिटार आली ती मार्गशीर्षात, सन एकोणसाठ. छोट्या रुळांच्या गाडीतला गार्डाचा डबा तो केवढासा! त्यात नैनपूरच्या वळणावर कोणाची तरी लोखंडी ट्रंक घसरली आणि गिटारीच्या छातीवर बसली. वरचं झाकण पापडासारखं मोडलं. गार्डसाहेब हाच क्लबाचा सेक्रेटरी. महागूच्या अंगणात येऊन त्यानं सगळ्यांसमोर सांगितलं, "मिस्त्री, क्लब को एक कारीगर चाहिए. कुर्सी, कैरम, हारमोनियम, सब उसी का. पीछे का कमरा भी उसी का. मगर पहले इसको बुलवा के दिखाओ. जलसा इतवार को नहीं, अगले इतवार को है."

"हो जाएगा," तेजराम म्हणाला. महागूनं त्याच्याकडे असं पाहिलं, जसं काही रंधाच बोलला.

पण लाकूड निवडायची वेळ आली तेव्हा महागू पुढं झाला. "जवाईबापू, या घरात सागाबिगर लाकूड घुसलं नाही. दार साग, पलंग साग, माह्या बापाचा देव्हारा साग. पन्नास वर्सं हलनार नाही असं झाकन बसव." बालाघाटात लाकडाची प्रतिष्ठा सागानं मोजतात. जिथं डेपोत सागाचे ओंडके घरापेक्षा उंच रचलेले असतात, तिथं दुसरं लाकूड लावणं म्हणजे पाहुण्याला शिळं वाढणं. तेजरामनं साग घेतला. अर्धं बोट जाड ठेवला. आतून दाराला मारतात तशा चार आडव्या पट्ट्या मारल्या, सरस लावला, पॉलिश असं केलं की त्यात महागूच्या मिशा दिसाव्या.

तीन दिवसांनी गार्डसाहेबानं तारा चढवल्या, एकदा बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं. मग झाकणावर बोटाच्या पेरानं ठकठक केलं आणि कान लावला.

"मिस्त्री, यह तो दरवाज़ा है. मुझे लग रहा है, अंदर से अभी कोई पूछेगा, कौन है?"

अंगणातले सगळे हसले. महागू सगळ्यांत आधी हसला. गार्डसाहेबानं घड्याळ पाहिलं, झेंडी काखेत मारली आणि जाता जाता म्हणाला, "दस दिन हैं. नहीं तो जबलपुर भेज दूँगा."

त्या दिवसापासून तेजरामला बसणं जमेना. जेवायला बसला की पाट ठोकून बघे. शीलानं पोळपाट समोर ठेवला तर उचलून कानाशी नेई. डेपोत जाऊन ओंडके बडवले, तिथल्या मुनशीनं विचारलं, "ढूंढ क्या रहे हो भैया, गुप्तधन?" शेजारच्या चंपाबाईच्या दाराची फळी जुनी म्हणून सहज वाजवून पाहिली, तर आतून खरोखरच आवाज आला, "कोन हाय?"

"कोनी नाही, साग हाय," तेजराम म्हणाला आणि पळाला.

संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं. पाण्यावर आलेल्या बाया शीलाला विचारू लागल्या, "काहून वं, जवाईबापू दारं वाजवून राह्यले म्हनते. घरातलं पुरत नाही का?" शीला हसून घागर उचले, पण तिलाही आत टोचत होतं. तिनं त्या खोलीची खिडकी जाऊन पाहिली होती. चूल कुठं मांडायची तेही ठरवलं होतं.

दुसऱ्या दिवशी भाकरी थापता थापता ती म्हणाली, "तुमाले आठवते का, आपल्या लग्नात खेमराजच्या बापाचा ढोल होता?"

"आठवते."

"इतका वाजला का तुमच्या मायचं एक बोलनं कोनाले ऐकू नाही गेलं. म्हून तं लग्न सुखानं पार पडलं. तो ढोल कायचा होता? सागाचा तं नोता."

तेजराम अर्धी भाकरी हातात घेऊनच उठला.

खेमराजचं घर नदीकडच्या वार्डात, बौद्ध वस्तीत. पूर्वी लग्नाचं वाजवायला सांगायचं तर लोक तिथं जात, लिंबाखाली उभं राहून हाक मारत, सुपारी आणि सव्वा रुपया ओट्यावर टाकत आणि परत येत. तीन वर्षांमागं त्या वस्तीनं दीक्षा घेतली आणि वाजवणं सोडलं. गावातली लग्नं तेव्हापासून गोंदियाच्या बँडवर लागत होती आणि लोक कुरकुरत होते, जणू ढोल त्यांचाच कोणी चोरून नेला. हे सगळं तेजरामला माहीत होतं. पण माणसाचं डोकं नव्या वाटेनं निघालं तरी हात जुन्याच वाटेनं जातो. निघताना कोनाड्यातून त्याच्या हातानं सुपारी उचलली. तो लिंबाखाली उभा राहिला आणि तोंडानं हाक मारली, "खेमऱ्या हाय का घरात?"

ओटा सारवणारी रुख्माबाई, खेमराजची बायको, मान वर न करता म्हणाली, "खेमऱ्या नाही राहत इथं. खेमराज राह्यते."

खेमराज बाहेर आला. चाळिशीचा, लाकूड कापायच्या आरामशीनवर कामाला, केसांत भुसा. त्यानं तेजरामच्या मुठीकडे पाहिलं. "काय आनलं?"

"सुपारी."

"कोनाचं लगन?"

"लगन नाही. ढोलाचं इचाराचं होतं. लाकूड—"

"ढोल वैनगंगेत सोडला. नदीले इचार." खेमराजचा आवाज चढला नाही, हे अधिक वाईट होतं. "मिस्त्री, गिऱ्हाईक म्हून आला असशीन तं ते दुकान बंद झालं. पाहुना म्हून आला असशीन तं वरते ये. लिंबाखालून बोलाचे दिवस गेले."

तेजराम सुपारी मुठीत धरून परत आला.

मग चार दिवस तो स्टेशन ते नदी आणि नदी ते स्टेशन असा फिरत राहिला. वर जाणं म्हणजे बसणं; बसणं म्हणजे पाणी; पाणी म्हणजे महागूच्या कानावर, आणि महागूच्या कानावर म्हणजे समाजाच्या बैठकीत, जिथं दंड म्हणून साऱ्या जातीला भात घालावा लागतो. आणि घरजवायानं भात घालायचा तर तांदूळ कोणाचे? पुन्हा महागूचेच. एका बाजूला हे. दुसऱ्या बाजूला एक खोली, एक खिडकी. कटंगीची गाडी शिट्टी मारून सुटली की तो बोटांवर दिवस मोजे. गाडी जाते म्हणजे दिवसही जातो. पाचव्या दिवशी गार्डसाहेब फलाटावरून ओरडला, "मिस्त्री, बोली क्या?" आणि तेजराम तसाच, चपला हातात घेऊन, वार्डाकडे चालू लागला.

या वेळी हात रिकामे होते. लिंब ओलांडला, ओटा चढला, आत जाऊन सतरंजीवर बसला. "खेमराजभाऊ, येऊ का?" हे त्यानं बसल्यावर विचारलं.

रुख्माबाईनं तांब्या पुढं केला आणि तिथंच उभी राहिली. तेजरामनं तो तोंडाला लावला. पाणी घशाखाली गेलं. कौलं जागच्या जागीच होती, बाहेर कोंबडं ओरडत होतं, आणि त्याला खरोखरच तहान लागलेली होती. रुख्माबाई म्हणाली, "अजून देऊ का? का एकानंच बाटला?"

"द्या," तेजराम म्हणाला, आणि खेमराज पहिल्यांदा हसला.

चहा झाल्यावर तेजरामनं सागाच्या झाकणाची कथा सांगितली. खेमराजनं ती डोळे मिटून ऐकली.

"सागाचा गुन काय? पानी लागलं, त्याले फरक नाही. वारा लागला, फरक नाही. वाळवी लागत नाही. दाराले तोच पाह्यजे. पन ज्याले कायचाच फरक पडत नाही, तो बोलन कसा? वरतून तू त्याले आंदर चार दांडे मारले. गप बसाचा बंदोबस्तच केला ना बापा."

"मंग कोनतं?"

"शिवन. हलकी, पन फुसकी नाही. उभा दोरा, गाठ नाही. आन करवतीनं आडवीतिडवी कापलेली नाही पाह्यजे. गाभ्यापासून सालीकडे, पाचर मारून फाडलेली. लाकूड जिथून आपखुशीनं फाटते, तिथूनच आवाज पळते. अन वाळलेली. दोन वर्सं नाही, धा-बारा."

"धा-बारा वर्सं वाळलेली शिवन आता कुठून आनू? तीन दिवस राह्यले."

खेमराजची नजर भिंतीकडे गेली, म्हणून तेजरामचीही गेली. भिंतीवर एक रुंद, पिवळसर फळी होती आणि फळीवर अकरा पुस्तकं. वार्डातल्या माणसांनी वर्गणी काढून घेतलेली. संध्याकाळी ज्याला वाचता येई तो मोठ्यानं वाचे आणि बाकीचे ऐकत. वाचनालय म्हणायचं ते एवढंच.

"बापानं नव्या ढोलासाठी खोड आनलं होतं," खेमराज म्हणाला. "वाळताना तडकलं. ढोल नाही झाला, म्हून त्यानं फाडून फळ्या केल्या. एक उरली."

त्यानं पुस्तकं एकेक उतरवून सतरंजीवर ठेवली. फळी काढली, वरच्या बाजूला दोन बोटांत लोंबती धरली आणि मध्यावर पेर मारलं.

टण्ण.

आवाज खोलीभर फिरला, आणि लगेच मेला नाही. तेजरामच्या दंडावर काटा आला. इतकी वर्षं तो लाकडाला हात लावत होता. लाकडानं त्याला हात लावायची ही पहिलीच वेळ.

"काय घेशीन?" त्यानं विचारलं, आणि विचारल्याबरोबर जीभ चावली.

"पैसा नको." खेमराजनं फळी अजून सोडली नव्हती. "गार्ड इचारन, कोनापासून शिकला. तवा नाव सांगजो. खेमराज. एवढंच. माह्या बापाच्या ढोलावर चाळीस गावचे लगनं लागले, पन कोन्या पत्रिकेत त्याचं नाव नोतं. ढोल सोडला मी. कान नाही सोडला."

"सांगीन," तेजराम म्हणाला. आणि तो खोटं बोलत नव्हता, हे इथं त्याच्या बाजूनं नोंदवलं पाहिजे.

पुढचे तीन दिवस काम असं चाललं की शीलाला नवरा ओळखू येईना. फळी मधोमध उभी फाडून दोन पातळ पानं केली, पुस्तकासारखी उघडून शेजारी शेजारी जोडली. मग रंधा. रंध्याच्या प्रत्येक फेऱ्याला तो मनात म्हणे, खेमराज, खेमराज, म्हणजे जीभ वेळेवर घसरायला नको. दुपारी आरामशीनच्या सुट्टीत तो झाकण धोतरात गुंडाळून नेई. खेमराज अंगठ्यानं दाबून, ठोकून बघे. "अजून काढ." दुसऱ्या दिवशी, "अजून. भेऊ नको." तिसऱ्या दिवशी त्यानं कान लावला, मान डोलावली आणि चार जाड दांड्यांच्या जागी बोटाएवढ्या बारीक पट्ट्या कुठं चिकटवायच्या ते नखानं खुणा करून दाखवलं.

महागू येता-जाता थांबे. "जवाईबापू, गिटार करून राह्यले का पापड लाटून राह्यले? शिवन! शिवनीचे तं खेळने करतेत लेकराचे." फळी कुठून आली ते त्यानं विचारलं नाही. जी वस्तू मोडणारच आहे तिची चौकशी कोण करतो?

शीलानं मात्र शनिवारी भांडी बांधली. दोन पातेली, तवा, परात, सगळं एका लुगड्यात. चंपाबाईला सांगूनही आली, "पाटी रंगवाले टाकनार हावो. मोठी नाही. नावापुरती."

रविवारी क्लबाचा हॉल भरला. महागू कोट घालून पुढच्या रांगेत. जावयाची फजिती बघायला जवळची जागा बरी. त्याच्या मागं समाजाची तीन वजनदार माणसं. खिडकीबाहेर रेल्वेचे खलाशी, आणि त्यांच्यात भुसा झटकून, धुतलेला सदरा घालून आलेला खेमराज.

गार्डसाहेबानं तारा लावल्या. पहिलं बोट फिरलं आणि खुर्च्यांची करकर थांबली. आवाज मोठा नव्हता. पण तो गिटारीतून निघून लोकांपर्यंत येत नव्हता; तो आधीपासूनच हॉलमध्ये होता आणि आता कोणीतरी पडदा बाजूला केला होता, असं वाटत होतं. खालची जाड तार छातीत वाजत होती. गार्डसाहेबानं एक चाल वाजवली, मग दुसरी, मग टाळ्यांकडे लक्ष न देता झाकणावर तळवा ठेवून बसला. आवाज अजून तळव्याखाली थरथरत असावा.

"किसका काम है यह? खड़े हो जाओ."

तेजराम उभा राहिला.

"मेरी गिटार पहले इतनी अच्छी नहीं थी. सच बोलता हूँ. यह लकड़ी का काम किससे सीखा? कौन है तुम्हारा उस्ताद?"

तेजरामनं तोंड उघडलं. नाव तयार होतं, तीन दिवस रंध्यानं घासून घासून गुळगुळीत झालेलं. खिडकीत खेमराज पुढं झुकला होता. आणि त्याच वेळी महागू खोकला. मुद्दाम नाही, कोटाची लोकर घशात गेली असेल. पण त्या खोकल्याबरोबर तेजरामची नजर त्या तिघा वजनदार माणसांवर गेली, तिथून त्याला तांब्या दिसला, तांब्यातून बैठक दिसली. आणि सात वर्षं कोणीही कामाचं कौतुक केलं की जी जीभ आपोआप हलत होती, ती आपोआप हलली.

"मामाजी से."

हॉलमध्ये सर्वांत जास्त चकित झाला तो महागू. पण मान मिळायला लागला की तो आपलाच आहे हे ओळखायला त्याला कधी वेळ लागत नसे. तो उठला, कोट खाली ओढला आणि म्हणाला, "हमारे घर का पुराना काम है, साहब. लकड़ी पहचानने का."

"तो फिर कमरा उस्ताद के नाम," गार्डसाहेब म्हणाला, आणि क्लबाच्या वहीत तिथल्या तिथं नाव लिहिलं. "शागिर्द को बिठाओ, मगर नाम उस्ताद का."

"पर साहब—" तेजराम म्हणाला. गार्डसाहेब पुन्हा वाजवायला लागला होता, आणि आता त्या गिटारीपुढं कोणाचाही आवाज ऐकू जाणार नव्हता. खिडकीत फक्त खलाशी होते.

सोमवारी तो वार्डात गेला. ओटा चढायची हिंमत झाली नाही. पाय लिंबाखाली थांबले. रुख्माबाईनं पाहिलं आणि ती आत गेली. तांब्या घेऊन बाहेर आली नाही. खेमराज कामावर निघाला होता, भाकरीचं फडकं हातात.

"खेमराजभाऊ, माह्या तोंडून—"

"वाजली चांगली," खेमराज न थांबता म्हणाला. "सहा महिन्यानं आवाज अजून उघडन. उन्हाळ्यात तारा जरा सैल ठेवाले सांगजो त्याले, नाहीतं झाकन मधून उकलन." आणि आरामशीनकडे वळला. रागावला असता तर तेजरामला काही तरी परत देता आलं असतं.

महागूच्या नावाची पाटी त्या आठवड्यातच लागली, रंग हिरवा, अक्षरं पांढरी. तेजराम रोज सकाळी तिच्याखालून आत शिरतो आणि क्लबाच्या खुर्च्यांचे पाय बसवतो. फरक एवढाच की आधी बाकडं अंगणात होतं आणि आता अर्धा मैल चालावं लागतं. शीलानं लुगड्याची गाठ सोडली आणि पातेली परत माहेरच्याच चुलीवर चढवली. त्या दिवशी ती नवऱ्याशी बोलली नाही, नंतर बोलली, पण पाटीचा विषय काढला नाही. गार्डसाहेबाला आवाज मिळाला. महागूला खोली मिळाली, उस्तादी मिळाली, आणि त्याचा खर्च एक खोकला. आणि या सगळ्याची किंमत भरली कोणी, तर वार्डातली अकरा पुस्तकं आता फळीवाचून सतरंजीच्या कडेला भिंतीशी रचलेली आहेत, आणि रुख्माबाई सारवायच्या दिवशी ती सगळी उचलून मांडीवर घेते, जमीन वाळेपर्यंत.